जांघेत कळ, मांडी घालता येईना : दुखणं कंबरेचं नाही, खुब्याचं असू शकतं

मोटारसायकलवर टांग टाकताना जांघेत कळ येते. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. तळपायातला काटा काढायला पाय वर घेता येत नाही आणि उकिडवं बसून उठताना भिंतीचा आधार लागतो. गावाकडे अशा तक्रारीला बहुतेक वेळा ‘कंबर भरली’, ‘नस दबली’ किंवा ‘वात आहे’ असं म्हणतात. मग कंबरेला पट्टा बांधला जातो, मालिश होते, मेडिकलमधून गोळ्या येतात आणि सहा-आठ महिने असेच निघून जातात. यातल्या काही रुग्णांची कंबर ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो खुब्याचा सांधा.

हे सहा-आठ महिने महागात पडू शकतात. खुब्याच्या एका आजारात हाडाचा गोळा आतून मरत जातो आणि शेवटी खचतो. खचण्याआधी तो सापडला तर स्वतःचा सांधा वाचण्याची आशा असते. खचल्यानंतर बहुतेकांना सांधा बदलण्याचाच पर्याय उरतो. हा आजार म्हाताऱ्यांचा नाही, वीस ते पन्नास वयाच्या कमावत्या माणसांचा आहे.

खुबा नेमका कुठे असतो?

‘खुबा दुखतो’ म्हणणारे बरेच जण कमरेच्या बाजूच्या, हाताला लागणाऱ्या टणक हाडावर बोट ठेवतात. खरा सांधा तिथून बराच आत, जांघेच्या मागे खोल असतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा आणि कमरेच्या हाडात त्याला बसेल अशी वाटी, अशी त्याची रचना असते. म्हणूनच त्याला उखळीचा सांधा म्हणतात. गोळ्यावर आणि वाटीत कुर्चेचा गुळगुळीत थर असतो, लोक त्यालाच ‘गादी’ म्हणतात. या कुर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती एकदा झिजली की पूर्वीसारखी भरून येत नाही.

गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि त्यातल्या बहुतेक मानेच्या हाडाला, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, चिकटून वर जातात. दुसरीकडून रक्त येण्याची सोय फारशी नाही. खुब्याच्या निम्म्या कटकटी या एका गोष्टीतून सुरू होतात.

भाराचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. चालताना एक पाय उचलला की दुसऱ्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे ते एकशे ऐंशी किलो. डोक्यावर खताचं पोतं किंवा उसाची मोळी असेल तर हिशोब आणखी वाढतो.

कंबर की खुबा?

सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. तिथून ते मांडीच्या पुढच्या भागात आणि गुडघ्यापर्यंत उतरतं. कुठे दुखतं असं विचारलं की असा रुग्ण एका बोटाने जागा दाखवत नाही. अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पकड करून कमरेची बाजू मुठीत धरल्यासारखी दाखवतो. डॉक्टर या खुणेकडे लक्ष ठेवून असतात.

कंबरेतून येणारं दुखणं सहसा पाठीच्या खालच्या भागातून कुल्ल्यात आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत जातं. सोबत मुंग्या येतात किंवा बधिरपणा असतो. खोकल्यावर, शिंकल्यावर कळ वाढते. खुब्याच्या दुखण्यात मुंग्या सहसा नसतात.

तिसरा प्रकार बाजूच्या टणक हाडावरच्या दुखण्याचा. त्या कुशीवर झोपलं की दुखतं, दाबलं की दुखतं, पण मांडी घालता येते. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. तो त्रास हाडावरच्या स्नायूंच्या दोऱ्यांचा असतो, सांध्याच्या झिजेचा नाही. व्यायामाने आणि काही काळ त्या कुशीवर न झोपल्याने तो बहुतेकांना कमी होतो.

घरी करून पाहण्यासारखी एक साधी चाचणी आहे. खुर्चीवर किंवा बाजेच्या कडेला पाय खाली सोडून बसायचं. गुडघा जागेवर ठेवून फक्त पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं. असं केल्यावर मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. सांधा बिघडला की सर्वांत आधी हीच हालचाल कमी होते आणि तिथेच जांघेत कळ येते. दोन्ही पायांची तुलना केली की फरक लगेच कळतो. दुसरी चाचणी उताणं झोपून करायची. एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायची आणि वरचा गुडघा हळूच बाहेर पडू द्यायचा. जांघेत दुखलं तर संशय खुब्यावर, मागे कमरेच्या खाली दुखलं तर मागच्या सांध्यावर किंवा कंबरेवर. अर्थात यावरून निदान पक्कं होत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘खुबाही तपासा’ म्हणण्याइतका आधार मात्र मिळतो. पडल्यानंतर दुखत असेल तर या चाचण्या अजिबात करू नयेत.

इथे एक गफलत नेहमी होते. कंबर दुखते म्हणून तालुक्याला किंवा शहरात जाऊन पाठीच्या मणक्याचा एमआरआय केला जातो. त्यात ‘गादी सरकली’ असं येतं. वय वाढलं की काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्याच्या गाद्या थोड्या बाहेर आलेल्या दिसतात. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुखण्याचं कारण तेच असतं असं नाही. मणक्यावर उपचार चालू राहतात आणि खुब्याकडे कुणी पाहत नाही. गुडघ्याचंही तसंच आहे. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच असल्याने बिघाड वर आणि दुखणं खाली असं होतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला आणि तरी माणूस लंगडत असेल, तर खुबा पाहिलाच पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत तर हा नियमच समजावा.

गोळा मरतो म्हणजे काय?

डॉक्टर ज्याला ‘एव्हीएन’ म्हणतात, त्याचं पूर्ण नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतलं हाड मरतं. आधी वरचं कवच तसंच असतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. वाळवी लागलेल्या खांबासारखं ते असतं. वरून रंग शाबूत, आतून भुगा. त्यावर रोजचा भार पडत राहतो आणि एक दिवस कवच खचतं. गोल गोळा चपटा होतो, वाटीत घासायला लागतो आणि मग वाटीही झिजते.

कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे स्टिरॉइड. दमा, त्वचेचे आजार, किडनीचे आजार, आमवात अशा अनेक आजारांत ही औषधं जीव वाचवतात, तिथे ती घ्यावीच लागतात. धोका वाढतो तो जास्त मात्रा आठवडेच्या आठवडे घेतल्यावर. कोविडच्या काळात अनेकांना स्टिरॉइड द्यावी लागली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या, चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये खुब्याचा हा आजार आढळल्याची नोंद केली. औषध घेतल्यावर लगेच दुखतं असं नाही. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी दुखायला लागतं, तोवर रुग्ण ती गोळी विसरलेला असतो. म्हणून जुने कागद घेऊन जावेत.

स्टिरॉइड नकळतही पोटात जातं. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून बाजारात, जत्रेत किंवा घरपोच मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणं देशात वेळोवेळी उघड झाली आहेत. दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे, भूक वाढली, चेहरा भरला, असं झालं तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. मात्र अशी पुडी महिनोन् महिने चालू असेल तर ती एका दिवसात बंद करू नये. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं आणि अचानक बंद केल्यावर जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावं आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी करावी. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनीही घाबरून पंप बंद करू नये. त्यातली मात्रा गोळ्यांच्या मानाने फार थोडी असते.

दुसरं कारण दारू. रोजची, वर्षानुवर्षांची. देशी असो की विदेशी, खुब्याला फरक पडत नाही.

तिसरं कारण महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचं आहे, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि तिकडे नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि गोळ्याचं रक्त बंद होतं. सिकलसेलच्या तरुण रुग्णाने जांघ दुखते म्हटलं की ‘नेहमीचंच दुखणं आलंय’ म्हणून सोडून देऊ नये. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. सरकारी आरोग्य केंद्रांत याची रक्त तपासणी होते. तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. खुब्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना हे आधी माहीत असणं फार गरजेचं असतं, कारण भूल आणि रक्त चढवण्याची तयारी वेगळी करावी लागते.

चौथं कारण मार. मोटारसायकलच्या अपघातात खुब्याचं मानेचं हाड मोडलं किंवा सांधा निखळला की त्याला चिकटलेल्या रक्तवाहिन्या तुटतात. निखळलेला सांधा शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो. ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणून चालत नाही. हाड जुळलं, माणूस चालायला लागला, तरी पुढची दोन-तीन वर्षं अधूनमधून एक्स-रे काढून पाहावा लागतो, कारण गोळा उशिरानेही खचतो.

काही जणांमध्ये यातलं एकही कारण सापडत नाही. आणि मार लागून झालेला प्रकार सोडला, तर निम्म्याहून अधिक रुग्णांत आज ना उद्या दोन्ही खुबे सापडतात. दुखतो एकच, बिघडलेले दोन.

वयाची झीज आणि शेतीचं काम

साठीच्या पुढची झीज हा वेगळा विषय. कुर्चा हळूहळू पातळ होते, हाडाच्या कडेला टोकं वाढतात, सांधा आखडतो. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडल्यासारखं वाटतं आणि चाललं की मोकळं होतं. संध्याकाळी मात्र पुन्हा दुखतं. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासांत शेतकऱ्यांना ही झीज इतर व्यवसायांतल्या लोकांपेक्षा जास्त होते असं दिसलं. वर्षानुवर्षांचं ओझं उचलणं आणि ओबडधोबड जमिनीवरचं चालणं ही त्याची कारणं मानली जातात. आपल्याकडची शेती काही हलकी नाही, त्यामुळे हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तरुण मुलाला पहाटे कंबर आणि कुल्ले आखडून जाग येते, अर्धा-एक तास अंग वळत नाही, आणि काम केलं की बरं वाटतं पण आराम केला की वाढतं, असं असेल तर ती झीज नव्हे. मणक्याचा आणि खुब्याचा एक सूज येणारा संधिवात असा वागतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि वेळेवर मिळाली तर सांधे वाचतात. त्यासाठी संधिवात तज्ज्ञाकडे जावं.

इथे थांबू नका

काही वेळा तपासणीसाठी सोमवारच्या बाजाराची वाट पाहणंही चुकीचं ठरतं. लहान मुलाला ताप आहे, पाय हलवू देत नाही, उभं राहत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, तर खुब्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पुवामुळे काही दिवसांतच सांधा कायमचा खराब होतो.

घरातल्या आजी न्हाणीघरात किंवा अंगणात घसरल्या, उठता येईना, एक पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं दिसतं. असं दिसलं की खुब्याचं हाड मोडलंय असंच धरून चालावं. तेल चोळणं, झाडपाल्याचा लेप, हाडवैद्याकडून ओढून घेणं यातलं काही करू नये. पाय आहे त्या स्थितीत उशी लावून ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. अशी शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत झाली तर बरी. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ असं म्हणून आजीला खाटेवर ठेवलं की हाडापेक्षा न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गाठी जास्त घात करतात. शस्त्रक्रिया प्रामुख्याने अंथरुणातून उठवण्यासाठी असते, हे नातेवाइकांनी लक्षात घ्यावं.

क्षयरोग हे तिसरं. हाडांच्या टीबीत मणक्यानंतर खुब्याचाच नंबर लागतो. महिनोन् महिने लंगडणं, बारीक ताप, वजन कमी होणं, मुलाचं झोपेत दचकून रडत उठणं ही त्याची लक्षणं. खोकला असलाच पाहिजे असं नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि हाडाच्या टीबीला ती किमान वर्षभर घ्यावी लागतात. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात.

चार ते आठ वर्षांच्या मुलाचं विनाकारण लंगडणं आणि वयात येणाऱ्या, अंगाने जाड मुलाचं गुडघा किंवा मांडी दुखतेय म्हणून लंगडणं, यांत गोळ्याचे वेगवेगळे आजार असतात. दोन्हींत एक्स-रेला उशीर करू नये.

कोणत्या तपासण्या?

सुरुवात हाताने तपासण्यापासूनच व्हायला हवी. डॉक्टरांनी रुग्णाला चालवून पाहिलं, झोपवून दोन्ही पाय फिरवून पाहिले, पायांची लांबी मोजली, तर निम्मं काम तिथेच होतं. त्यानंतर कमरेच्या हाडाचा, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर दिसतील असा एक्स-रे. फक्त दुखऱ्या बाजूचा काढला तर तुलना करता येत नाही. ही सोय ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत असते.

वयाची झीज एक्स-रेत स्पष्ट दिसते, तिथे एमआरआयची सहसा गरज नसते. एव्हीएनचं उलटं आहे. पहिल्या टप्प्यात एक्स-रे पूर्णपणे चांगला येतो आणि आजार फक्त एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून तरुण माणूस, जांघेत दुखणं, आणि स्टिरॉइड, दारू, सिकलसेल किंवा जुना मार यापैकी काही असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर समाधान मानू नये. दोन्ही खुब्यांचा एमआरआय लागेल का, हे स्पष्ट विचारावं. मणक्याचा एमआरआय आधी झालेला असला तरी त्यात खुबे नीट येत नाहीत, त्यासाठी वेगळा करावा लागतो. खर्च करायचाच तर योग्य जागी व्हावा.

रक्ताच्या तपासण्या संशयाप्रमाणे असतात. सूज किंवा जंतुसंसर्ग पाहण्यासाठी ईएसआर, सीआरपी. रक्तगट्ट्याएवढी लांब यादी प्रत्येकाला लागत नाही.

औषध, काठी आणि व्यायाम

झीज सुरुवातीची असेल तर शस्त्रक्रियेविना बरीच वर्षं निभावता येतं. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काठी, आणि तोच लोक चुकीचा करतात. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, चांगल्या बाजूच्या हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची. यामुळे खुब्यावर ओढ देणाऱ्या स्नायूंचं काम कमी होतं आणि भार चांगलाच उतरतो. हातात पिशवी किंवा कळशी घ्यायची वेळ आली तर ती मात्र दुखऱ्या बाजूच्याच हातात घ्यावी. ऐकायला उलटं वाटतं, पण तराजूसारखा विचार केला की पटतं. काठी धरली की म्हातारपण आलं, ही लाज अनेकांना आडवी येते. शेताची राखण करायला जाताना काठी हातात असतेच, ती योग्य हातात घेतली की झालं.

वजन पाच किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला खुब्यावरून बारा-पंधरा किलो उतरतात. कमोडची खुर्ची, बसायला उंच स्टूल, जमिनीवर बसण्याऐवजी बाज. भांडी घासणं, निंदणी, भाजी निवडणं ही बसून करायची कामं स्टुलावर बसून जमतात का ते पाहावं.

पूर्ण आराम मात्र करू नये. पाय बाजूला उचलणं, उताणं झोपून कंबर वर उचलणं, मांडीचे स्नायू ताणणं असे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून रोज करावेत. सपाट रस्त्यावर सायकल चालवणं चांगलं, पण दांड्याच्या सायकलवर टांग टाकणं अवघड जातं. अशा वेळी बिनदांड्याची सायकल घ्यावी. पोहणंही चांगलं. उंच पायऱ्यांच्या विहिरीत उतरणं आणि कठड्यावरून उडी मारणं हा वेगळा प्रकार झाला.

गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत त्यातल्या त्यात सुरक्षित. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जास्त आराम देतात, पण महिनोन् महिने घेतल्या तर पोटात व्रण, रक्तदाब वाढणं आणि किडनीवर परिणाम होतो. भर उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर या गोळ्या घेणाऱ्या मजुरांच्या किडनीला धोका आणखी जास्त. बीपी, शुगर, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नयेत.

‘गादी भरून येते’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरी आणि गोळ्यांनी झिजलेली कुर्चा परत येते असं सिद्ध झालेलं नाही. वंगणाचं इंजेक्शन खुब्यात फारसं उपयोगी ठरत नाही. सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे-महिने आराम देतं. ते सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीने नेमकं सांध्यात द्यावं लागतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून इंजेक्शनची तारीख लिहून ठेवावी.

एव्हीएन लवकर सापडलं, गोळा खचलेला नसेल, तर गोळ्याला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करतात आणि गरजेप्रमाणे तिथे रुग्णाचंच हाड भरतात. याला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. प्रत्येकात यश येत नाही. मेलेला भाग लहान असेल तर शक्यता चांगली. त्यानंतर काही आठवडे कुबड्यांवर राहावं लागतं. दारू आणि तंबाखू सोडल्याशिवाय या शस्त्रक्रियेचा उपयोग टिकत नाही.

सांधा बदलायचा कधी?

वय नव्हे, त्रास पाहून ठरवायचं. रात्री दुखण्याने झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणं जड झालं, गोळ्या रोजच्या झाल्या, तर ती वेळ आली. एक्स-रे फार खराब दिसतो पण माणूस शेतात जाऊन येतो, तर घाई नाही.

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला. लहान धातूचा गोळा, टिकाऊ प्लास्टिकची वाटी आणि दोन्ही हाडात बसवायला दातांच्या डॉक्टरांकडे वापरात असलेल्या जातीचं सिमेंट, ही त्यांची जोडणी. आज गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा असतो, प्लास्टिक पूर्वीपेक्षा बरंच टिकाऊ झालं आहे आणि तरुणांमध्ये बहुधा सिमेंटशिवाय हाडातच घट्ट बसणारा सांधा वापरतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, बदललेले जवळपास ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकले. पस्तिशीच्या माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्याला आधी सांगितलं गेलं पाहिजे.

धोकेही विचारून घ्यावेत. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, पायात रक्ताची गाठ, दोन पायांच्या लांबीत थोडा फरक. प्रमाण कमी असतं, पण झालं तर दुरुस्ती अवघड. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात, किडलेले दात आणि लघवीचा संसर्ग बरा, पायावरच्या जखमा आणि चिखल्या भरलेल्या असाव्यात. पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांनी या शेवटच्या गोष्टीकडे विशेष पाहावं.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते हे वेगवेगळं असतं. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावं. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधीच पाहावं. ऐन वेळी तिथेच अडतं. खासगीत करायचं असेल तर सांध्याच्या किमतीसह लेखी अंदाज घ्यावा. बसवलेल्या सांध्याचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेले असतात. ते जपून ठेवावेत. पंधरा-वीस वर्षांनी दुरुस्ती करायची वेळ आली तर डॉक्टर सर्वांत आधी तेच मागतात.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. पहिले सहा ते बारा आठवडे मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं आणि कमरेत खूप वाकणं टाळायचं असतं. कमोडची सोय रुग्ण घरी येण्याआधी व्हायला हवी, नंतर नाही. पुढे कितपत बसता येईल हे सांध्याचा प्रकार आणि शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली यावर ठरतं. सर्जनने मोकळीक दिल्याशिवाय पंगतीत पाटावर बसू नये, खुर्ची मागून घ्यावी. पोटरीला सूज, अचानक दम लागणं, जखमेतून पाणी येणं, ताप, किंवा पाय एकाएकी आखूड होऊन हलेनासा होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं. मोटारसायकल साधारण तीन महिन्यांनी, तीही सेल्फ स्टार्टची. किक मारण्याची परवानगी डॉक्टर सहसा देत नाहीत.